धर्माजींच्या सुनेचा जबडा

आळे गावात एका रेड्याची समाधी आहे. ज्ञानोबांनी ज्याच्या तोंडून वेद वदवले तो रेडा इथं पुरला, असं पिढ्यान्‌पिढ्या सांगतात. रेडा बोलला म्हणून त्याचं देऊळ झालं. त्याच गावात धर्माजींची सून वृषाली लग्नाला सात वर्षं झाली तरी एक शब्द उलटून बोलली नाही, म्हणून तिचंही नाव झालं. देऊळ तेवढं बांधायचं राहिलं होतं.

धर्माजी गावच्या दूध सोसायटीचे चेअरमन. सगळं गाव त्यांना दादा म्हणे, घरातली माणसंसुद्धा. दुधाला फॅट कमी लागेल, पण दादांचा आवाज कधी कमी लागला नाही. आल्यागेल्याला ते सांगत, "आमची सून म्हंजे गाय हाय. एवढ्या वर्सांत तोंड वर करून बोलली न्हाई." वृषाली तेव्हा चहाचा ट्रे घेऊन दारात उभी असे. घोडेगावची मुलगी, बारावी झालेली, शिवणाचा कोर्स केलेली. आपण गाय आहोत हे ऐकून तिला काय वाटतं ते कुणी विचारलं नव्हतं. ती दात दातांवर घट्ट ठेवायची आणि ट्रे पुढं करायची.

दुखणं सुरू झालं ते श्रेया, तिची मुलगी, रांगायला लागली त्या सुमाराला. सकाळी उठलं की कानापुढं ठणका, कानशिलं जड, आणि भाकरीचा घास चावताना उजव्या जबड्यातून 'कट्' असा आवाज. तो आवाज जेवताना सगळ्यांना ऐकू जायचा. धोंडाबाई, म्हणजे सासूबाई, घास हातात धरून थांबत.

"आमच्या घरच्या भाकरीत खडं हायत का गं?"

वृषाली नाही म्हणायला तोंड उघडायची आणि जबडा पुन्हा कट् करायचा. धोंडाबाईंना ते उत्तरच वाटायचं.

घरच्यांनी उपचारात कसूर केली असं मात्र कुणी म्हणू नये. आळेफाट्याच्या एका डॉक्टरनं वर्षभर कानात थेंब घातले. कान लख्ख झाला आणि वृषालीला आपलाच कट् आणखी स्वच्छ ऐकू येऊ लागला. मग एका दातवाल्यानं अक्कलदाढ काढली. गाल सुजवून ती घरी आली तेव्हा धोंडाबाई म्हणाल्या, "व्हती तेवढी पण गेली." मग हाडं बसवणारा भिका आला. त्यानं कोमट तेल लावून तिची हनुवटी धरली आणि पंपाचं हँडल मारावं तसा जबडा हलवला. त्यानंतर पंधरवडाभर वृषाली पेजेवर होती. भिका जाताना कोंबडा घेऊन गेला.

दोन हजार एक साली जुन्नरच्या बाजारपेठेत डॉक्टर रूहीनं दातांचा दवाखाना काढला. रूही ही दस्तगीरभाईंची मुलगी. दस्तगीरभाईंचं त्याच गल्लीत पत्र्यांचं आणि पाइपांचं दुकान. दादांनी गोठ्याचा पत्रा न् पत्रा त्यांच्याकडून घेतलेला, त्यामुळं पोरगी आपलीच, असं त्यांचं म्हणणं. एका सोमवारी ते वृषालीला घेऊन निघाले. त्या घरात बाईमाणूस एकटं दवाखान्यात जात नसे, म्हणून धोंडाबाई निघाल्या. वृषालीचा नवरा भरत हाही निघाला. आळेफाट्यावर त्याचं ट्रॅक्टरच्या स्पेअर पार्टचं दुकान होतं. दादा बोलत तेव्हा मान हलवणं हे त्याचं घरातलं काम होतं आणि ते तो चोख करी.

रूहीनं वृषालीच्या दोन्ही कानांपुढं बोटं ठेवली आणि तोंड उघडमीट करायला सांगितलं. मग बॅटरी लावून दात पाहिले.

"तुम्ही झोपेत दात खाता," ती म्हणाली. "बघा, दाढा कशा घासल्यात. दिवसासुद्धा आवळत असाल. कानापुढं जबड्याची बिजागरी असते. तिच्यात एक छोटी गादी असते, ती सरकते आणि आवाज येतो. कानाचा काही संबंध नाही. त्या दाढेचाही नव्हता."

"म्हंजे दाढ उगंच काढली?" धोंडाबाईंनी विचारलं.

रूहीनं उपाय सांगायला घेतले. मऊ खायचं, घास लहान घ्यायचा, गरम फडक्यानं शेकायचं. ओठ मिटलेले असावेत, पण आत दात एकमेकांना लागू द्यायचे नाहीत. जांभई आली की हनुवटीखाली मूठ धरायची, तोंड मोठं उघडायचं नाही. रात्री दातांवर बसवायला एक पारदर्शक प्लेट करून मिळेल. हे दुखणं एकदम जात नाही, सांभाळावं लागतं. दादा हे सगळं गोठ्याच्या पत्र्याचा भाव ऐकावा तसं ऐकत होते. मग रूहीनं एक साधा प्रश्न विचारला.

"दात आवळणं पुष्कळदा टेन्शननं वाढतं. वृषालीताई, घरी काही टेन्शन आहे का?"



"पोरी," दादा म्हणाले, "तुझ्या बापाला इचार आमचं घर कसं हाय."

"मी त्यांना विचारतेय, काका."

दादांनी वृषालीकडं पाहिलं. धोंडाबाईंनी पाहिलं. भरतनं जमिनीकडं पाहिलं. वृषालीनं दात आवळले आणि तिच्या गालाखाली स्नायूचा गोळा टरारून वर आला.

"हेच ते," रूही म्हणाली आणि त्या गोळ्यावर बोट ठेवलं.

खोलीच्या मधोमध प्लायवूडचा पडदा होता आणि पडद्यापलीकडच्या बाकावर गेणभाऊ बसला होता. गेणभाऊ आळ्याचाच, दूध सोसायटीच्या निवडणुकीत दादांकडून दोनदा पडलेला. त्याची दाढ काढून झाली होती आणि तोंडात कापूस होता, म्हणून डॉक्टरनं त्याला बोलायची मनाई केली होती. ती त्यानं एस.टी. आळेफाट्याला पोचेपर्यंत पाळली.

संध्याकाळी डेअरीवर दूध घालायला आलेल्या बायांत एकच विषय होता. चेअरमनच्या सुनेला घरात टेन्शन हाय. जुन्नरच्या डॉक्टरनं तसं लिवून दिलंय म्हणं. रात्रीपर्यंत त्यात भर पडून, तिला जेवायला देत नाहीत आणि म्हणून तिचा जबडा सुटलाय, इथवर गोष्ट गेली.

दादा संतापले, पण ते व्यवहारी माणूस होते. सोसायटीत कुणी हिशेबावर शंका घेतली की ते सभा बोलवत. इथंही त्यांनी तेच केलं. दुसऱ्या दिवशी चुलतभाऊ चिमाजी आणि भावकीतले आठदहा पुरुष ओसरीवर जमले. चहा झाला. चहा वृषालीनंच केला होता. मग दादांनी तिला दारात बोलावलं.

"वृषाली, हितं समदी आपलीच माणसं हायेत," ते म्हणाले. "मोकळ्या मनानं सांग. तुला घरात काय टेन्शन हाय का?"

आठदहा फेटे आणि टोप्या तिच्याकडं वळल्या. वृषालीनं तोंड उघडलं. जबडा कट् वाजला.

"नाही," ती म्हणाली.

"ऐकलं?" दादा म्हणाले.

"ऐकलं," चिमाजी म्हणाले. त्यांनी कट् पण ऐकला होता, पण ठरावात तो घ्यायचा की नाही हे त्यांना कळेना, म्हणून त्यांनी पान लावायला घेतलं.

खरं सांगायचं तर तोवर वृषालीला आपल्याला टेन्शन आहे असं वाटलंही नव्हतं. घरं अशीच असतात, असं तिला वाटे. ते नाही असं सिद्ध करायला सगळी भावकी जमली, तेव्हा तिला पहिल्यांदा शंका आली.

पुढं घरात तिला सुखात ठेवण्याची मोहीम निघाली. रस्त्यानं कुणी जाताना दिसलं की धोंडाबाई मोठ्यानं म्हणत, "वृषाली, बस गं जरा, लई काम केलंस." माणूस वळणापलीकडं गेला की म्हणत, "ऊठ आता, गोठा राह्यलाय." तिला नवी साडी आली आणि ती नेसून डेअरीवर दूध घालायला जायची आज्ञाही आली. मऊ खाण्याचं मात्र कुणाच्या लक्षात राहिलं नाही. तिनं वरणात भाकरी कुस्करली की धोंडाबाई ताट तिच्यापासून दूर सरकवत. "लोक म्हंत्याल, सुनेला धड जेवाया न्हाई." प्लेटचं विचारलं तर दादा म्हणत, "बघू." डॉक्टरच्या सगळ्या बोलण्यातला त्या घरात एकच शब्द पोचला होता आणि तो खोडून काढायचं काम चालू होतं.

एवढं करून गावाचं समाधान होईना, तेव्हा दादांनी भीमाशंकर काढलं. जीप केली. वाटेत घोडेगावला वृषालीचं माहेर. तिथं मुद्दाम थांबून दादांनी तिच्या आईला, ठकूबाईंना, सांगितलं, "म्हटलं पोरीला जरा फिरवून आणावं. लई हौशी हाय." ठकूबाईंनी लेकीकडं पाहिलं. लेक सकाळपासून ठणकत्या जबड्यावर हात धरून बसली होती.

"परतताना जेवायलाच थांबा," ठकूबाई म्हणाल्या.

दर्शन झालं. देवळाच्या पायऱ्यांवर एक फोटोवाला गिऱ्हाइकं गाठत होता. पैसे आणि पत्ता दिला की आठवड्यात फोटो पोस्टानं घरी. दादांना हे फारच आवडलं. त्यांनी सगळ्यांना ओळीनं उभं केलं आणि वृषालीला मधोमध घेतलं.

"हसा," फोटोवाला म्हणाला.

वृषाली ओठ मिटून हसली.

"हे काय हासनं झालं?" दादा म्हणाले. "मयताला आल्यावानी. दात दिसू दे. मोकळं हास."

"डॉक्टरांनी तोंड मोठं उघडू नको..." भरत हळूच म्हणाला.

"डॉक्टर हितं हाय का?"

भरतनं मान हलवली. वृषालीनं तोंड उघडलं. "आनखी," दादा म्हणाले. तिनं आणखी उघडलं. कानापुढं काहीतरी सरकलं, कळ डोक्यात गेली, आणि तोंड तसंच राहिलं. फोटोवाल्यानं बटण दाबलं.

"आता मीट," दादा म्हणाले.

ते मिटत नव्हतं. जबडा पुढं येऊन अडकला होता. लाळ गळायला लागली, डोळ्यांतून पाणी आलं. धोंडाबाईंना आधी वाटलं सून हसून हसून रडतेय. कळलं तेव्हा त्यांनी पहिलं काम केलं ते तिच्या तोंडावर पदर ओढण्याचं. पायऱ्या चढून येणारे लोक बघत होते.

जीप घाट उतरू लागली. घोडेगाव जवळ आलं तसं दादांनी ड्रायव्हरला सांगितलं, "थांबू नको. सरळ काढ." ठकूबाई रस्त्याकडेला उभ्या होत्या. वृषालीनं त्यांना लांबूनच पाहिलं. बोलता येत नव्हतं, म्हणून तिनं हात लांब करून ड्रायव्हरच्या खांद्याचा शर्ट मुठीत धरला आणि मागं खेचला. ड्रायव्हरनं ब्रेक मारला. एका सुनेनं दादांची गाडी थांबवली, हे दादांना कळायला थोडा वेळ लागला.

ठकूबाईंनी पदर बाजूला करून लेकीचं तोंड पाहिलं. मग त्यांनी दादांकडं पाहिलं.

"लई हौशी हाय व्हय?" असं म्हणून त्या जीपमध्ये चढल्या आणि जुन्नर येईपर्यंत लेकीचं डोकं मांडीवर घेऊन बसल्या.  

रूहीनं अंगठ्यांना कापड गुंडाळलं, ते वृषालीच्या खालच्या दाढांवर ठेवले, खाली दाबलं आणि मागं ढकललं. जबडा जागेवर बसला. मग हनुवटीखालून डोक्यावर पट्टी बांधली. काम संपल्यावर तिनं दादांना विचारलं, "तोंड एवढं कशानं उघडलं?"

"हासली," दादा म्हणाले.

"दादांनी हसायला लावलं," भरत म्हणाला. तो हे इतक्या हळू म्हणाला की दादांना ऐकू आलं नसेल असं त्याला वाटलं. पण सगळ्यांना ऐकू आलं.

पंधरा दिवसांनी प्लेटचं माप घ्यायला वृषाली आली तेव्हा बरोबर फक्त भरत होता. दादा घरात रुसून बसले होते. रूहीनं भरतला बाहेर बसवलं आणि पूर्वीचाच प्रश्न वेगळ्या शब्दांत विचारला. "दात कधी आवळता, आठवतं का?"

वृषालीनं गालावर बोट ठेवलं. "तोंडात काय आलं की," ती म्हणाली. "म्हणजे बोलायला काय आलं की. बाहेर पडू नये म्हणून."

"दिवसातून किती वेळा येतं?"

"येतंच असतं," वृषाली म्हणाली.

प्लेट पुण्याहून होऊन आली. रात्री ती घालून झोपायचं, सकाळी धुऊन डबीत ठेवायची. धोंडाबाईंनी डबी उघडून पाहिली आणि कपाळाला हात लावला. तरण्या पोरीला कवळी लागली. हे बाहेर कळलं तर श्रेयाचं लग्न कसं होणार, ही चिंता त्यांनी श्रेया बालवाडीत असतानाच सुरू केली.

त्याच सुमाराला पोस्टमननं भीमाशंकरचा फोटो आणला. दादांचा रुसवा तिथंच संपला. फोटोत दादा ताठ, धोंडाबाई गंभीर, भरत बाजूला बघतोय, आणि मधोमध वृषाली तोंड भरून हसतेय. हसतेयच, असं कुणीही म्हटलं असतं. डोळ्यांत पाणी येईस्तोवर. दादांनी तो मोठा करून घेतला, फ्रेम केली आणि ओसरीवर दारासमोर लावला. येणाऱ्याला ते हातानं दाखवत. "बघा. आता बोला, कुनाला टेन्शन हाय ते."

दिवाळीनंतर तालुक्याच्या दूध संघाचे दोन पाहुणे आले. दादांनी फोटो दाखवला.

"सून लई हसरी हाय राव तुमची," त्यातला एक म्हणाला.

वृषाली चहा घेऊन आली होती. तिनं ट्रे टेबलावर ठेवला. दात एकमेकांवर टेकले होते. ते तिनं सुटे केले, कारण रूहीनं तसं सांगितलं होतं. आणि दात सुटे झाले तसं त्यांच्यामागं होतं तेही बाहेर आलं.

"हसत न्हाई पावणं," ती म्हणाली. "जबडा निखळलाय त्यात. दादांनी मोकळं हास म्हणून सांगितलं आणि तो निखळला. मी रडतेय तिथं."

पाहुण्यांनी पुन्हा फोटोकडं पाहिलं. एकदा तसं सांगितल्यावर त्यात हसू कुठंच दिसेना. एकानं कप उचलला आणि फार काळजीपूर्वक चहा पिऊ लागला.

फोटो दुसऱ्या दिवशी उतरला. कुणी उतरवला ते कुणी विचारलं नाही.

त्यानंतर वृषाली एकदम भांडखोर झाली, असं धोंडाबाईंनी गावात सांगितलं. तसं काही झालं नव्हतं. ती फक्त "आज गोठ्यात मी जाणार नाही, ठणकतंय" असं म्हणू लागली. "भाकरी दुधात भिजवून खाणार" असं म्हणू लागली. आळेफाट्याला भरतच्या दुकानामागं शिवणयंत्र टाकायचं तिनं काढलं, तेव्हा दादा म्हणाले, "बैठकीत ठरवू." ती म्हणाली, "यंत्र आणलंय दादा. तुमाला फक्त सांगतेय." धोंडाबाई एकदा स्वतःच्या दाताच्या निमित्तानं जुन्नरला गेल्या आणि रूहीजवळ त्यांनी तक्रार नोंदवली. "आमी तुला जबडा सांगितला व्हता बाई. तू जिभंचं केलंस."

दुखणं गेलं नाही. हे ऐकायला कुणालाच आवडत नाही, म्हणून गावात दोनच मतं होती. एक, डॉक्टरला काही येत नाही. दुसरं, वृषालीला काहीच झालं नव्हतं. थंडीत जबडा अजून धरायचा. लग्नसराईत दोनचार जेवणं झाली की शेक घ्यावा लागे. आवाजही येई, फक्त कमी. कणीस ती दाणे सोडवून खाई आणि चकली तिनं सोडलीच. पण सकाळी डोकं दुखत नाही असे दिवस येऊ लागले. ते आले की ती त्यांचा बोभाटा न करता शिवणाला बसे.

दोन हजार चार साली प्लेट झिजली. नवी करायला ती आणि भरत मोटारसायकलवरून जुन्नरला गेले. रूहीनं जुनी प्लेट उजेडात धरून पाहिली.

"बरंय," ती म्हणाली. "पहिल्या वर्षी जशा दाबाच्या खुणा दिसत होत्या तशा आता नाहीत."

भरत भिंतीला टेकून उभा होता. दुकानात वर्षाचा माल मोजून झाला होता आणि तो दमला होता. त्यानं मोठी जांभई दिली. रूहीचं लक्ष त्याच्या तोंडाकडं गेलं आणि तिथंच राहिलं.

"भरतभाऊ, इकडं या जरा. आ करा."

तिनं बॅटरी लावली. त्याच्या दाढा जात्यासारख्या सपाट झाल्या होत्या.

"सकाळी डोकं दुखतं का?"

"दुखतं की."

"कधीपासून?"

"लहान असल्यापासून," भरत म्हणाला. "मला वाटलं सगळ्यांचंच दुखतं."

रूही तोच टेन्शनचा प्रश्न विचारणार होती, पण तिनं वृषालीकडं पाहिलं आणि ते विचारायचं सोडून दिलं. ती माप घ्यायचा गुलाबी लगदा कालवू लागली.

"घरी सांगू नको," भरत वृषालीला म्हणाला. "दादा परत चिमाजीअप्पांना बोलावतील."

"बोलावू दे. तू काय सांगशील?"

भरतनं दात आवळले. त्याच्या गालाखाली एक गोळा वर आला. वृषालीनं तो पाहिला. आपल्या गालावर तो कसा दिसत असेल हे तिला इतकी वर्षं कळलं नव्हतं. तिनं बोटानं तो हळूच दाबला, तेव्हा तो उतरला.

"बस खुर्चीत," ती म्हणाली. मग रूहीला म्हणाली, "दोघांचंबी माप घ्या. आधी यांचं."

भरत खुर्चीत बसला. त्यानं डोळे मिटले आणि आ केला.